महादेवीच्या नळ्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या शिवाजी पेठेत कुणाच्या पोटात काही राहत नाही म्हणतात — माझ्या पोटात हे बरोबर राहिलं. का राहिलं? थांबा, सांगतो.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी आणि महादेवी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. ती गडहिंग्लजकडची, घरी निम्मं कन्नड, मला अण्णा म्हणायची. वडिलांनी तिचं लग्न एक वर्ष पुढं ढकललं होतं — तेवढ्यात हाती काही लागलं तर शीक, नाहीतर स्थळ बघू.

तिचा जंतू टायफॉईडच्या भाऊबंदांतला. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, वर आम्ल सोडतात, लोह मिळू देत नाहीत. तरी हा बेटा आत तग धरतो! कसा? त्याच्याकडे आरएनएचे बारके तुकडे असतात. ते स्वतः प्रोटीन बनवत नाहीत. प्रोटीन बनवायला सांगणारे जंतूचेच जे दुसरे निरोप असतात, त्यांना चिकटून त्यांची तोंडं बंद करतात. नको ती कामं थांबतात आणि जंतू जगतो. पेशीत शिरल्यावर असा कोणता तुकडा वाढतो, ते महादेवीला शोधायचं होतं. गिळलेले जंतू बाहेर काढून त्यांचा आरएनए मिळवायचा, म्हणजे मुंगीनं साखर साठवावी तसलं काम. कित्येक महिने खपून तिनं इवल्याशा नळ्या फ्रीझरमध्ये जमवल्या होत्या.

तेव्हा भारनियमनाचे दिवस. वीज गेली की फ्रीझरची पिन काढून जनरेटरच्या बोर्डात घालायची, सुट्टीच्या दिवशी पाळी लावून. त्या रविवारी पाळी माझी होती. आणि त्याच रविवारी आमच्या पेठेच्या संघाची फुटबॉलची फायनल! महादेवी गावी गेली होती, सर घरी. मी गेलो मॅचला. आम्ही जिंकलो, गुलालात न्हालो. फ्रीझर डोक्यातसुद्धा आला नाही.

संध्याकाळी आलो, तर वीज नुकतीच परतली होती. गुलालाच्या हातानंच फ्रीझर उघडला. नळ्यांत पाणी झालं होतं. आरएनए फार नाजूक, उबेत राहिला की तुटून जातो, हे मला माहीत नव्हतं का? होतं की. आणि मी दार लावून टाकलं. सकाळी सगळं पुन्हा बर्फ. आता कुणाला काय कळणार?

महादेवीनं त्या नळ्या वापरल्या. आरएनए शाबूत असला की तपासणीत स्वच्छ पट्टी दिसते, तिथं नुसता फराटा. पुन्हा केलं — पुन्हा फराटा. आरएनएचा आणखी एक वैरी म्हणजे माणसाचा उघडा हात. सरांनी तेच धरलं. सगळ्यांदेखत ओरडले, "हातमोजं न घालता शिवलीस व्हय गं? तुझ्या हाताला वळणच न्हाय!"

मी शेजारीच उभा होतो.

ती दोन-दोन हातमोजे घालायला लागली. साबणानं हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. एकदा मलाच म्हणाली, "अण्णा, माझं कुठं चुकतंय बघ की." मी बघितल्यासारखं केलं. याला काय म्हणायचं — भित्रेपणा? नुसत्या भित्रेपणानं माणूस एवढा वेळ वाकून बघत नाही. नव्यानं नळ्या जमवायला तिचं वर्ष पुरलं नाही. लग्न होऊन ती निपाणीला गेली.

तिचं अर्धं राहिलेलं काम सरांनी मला दिलं. पट्टी मला दिसली, अगदी स्वच्छ. प्रबंधात मी तिचे आभार मानले आहेत. लाज वाटते ती त्या ओळीची जास्त.

पुढं काही वर्षांनी निपाणीला गेलो होतो. तिनं आग्रहानं जेवायला बसवलं. नवरा भला, घर भरलेलं. सासू कौतुकानं सांगत होती, "आमच्या सुनंला सगळं येतंय बघा. लोणच्याला तेवढा हात लावत न्हाय. माझा हात लागला की नासतंय, म्हणती."

महादेवी ओशाळून हसली. "खरंच हाय ते. अण्णांना इचारा की, त्यांनी बघितलंय."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान डोलावली, लोणचं चांगलं झालंय म्हणालो आणि आणखी एक फोड मागून घेतली.