उसनं नाक

महाडमध्ये चामड्याच्या वस्तूंचा कुबट वास आमच्या शेजारच्या काकांइतका कोणी घालवला नसेल, आणि तो वास त्यांच्याइतका कोणाला अनोळखीही नसेल. काकांची सारी नोकरी औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात झाली. तिथे त्यांचं नाक हळूहळू निकामी झालं. नेमकं कधी, ते त्यांनाही सांगता येत नसे. एकदा गॅसवर दूध करपलं, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि काका बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसले होते, तेव्हा काकूंच्या ते लक्षात आलं. "तुमचं नाक आता चष्मा अडकवायलाच राहिलं," असं काकू चारचौघांत म्हणायच्या. "माझं गेलं तर गेलं. तुझं हाय ना गो?" हे काकांचं ठरलेलं उत्तर. ते उत्तर अक्षरशः खरं होतं. निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा उद्योग काकूंच्या नाकावर चालला.

आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातलं चामडं श्रावण-भाद्रपदापर्यंत पांढरं-हिरवं होतं. लोक जॅकेट, पट्टे, पाकिटं घेऊन काकांकडे येत. सोफा असेल तर काका स्वतः जात. गेल्या गेल्या ते बसत नसत. आधी सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवत, उशा उपटून खाली बघत आणि मग घरमालकाकडे अशा नजरेने पाहत की चहा घेऊन येणारी बाई दारातच थबके. प्लॅस्टिकशी त्यांचं उभं वैर होतं. नवा सोफा खराब होऊ नये म्हणून लोक दुकानातलं प्लॅस्टिक तसंच ठेवतात आणि आत बुरशी माजते. पोलादपूरला एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाला सोफ्यावरून उठवलं आणि प्लॅस्टिक टराटरा फाडलं. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "काका, पाव्हणे बसलेत हो." काका म्हणाले, "पाव्हणे बसलेत, पण खाली सोफा गुदमरलाय. चामड्याला श्वास लागतो." साखरपुडा निर्विघ्न पार पडला. सोफा दुसऱ्या दिवशी टेम्पोतून काकांच्या पडवीत आला.

कामाला लागले की मात्र ते बोलत नसत. कोरड्या ब्रशने बुरशी घराबाहेर झाडायची, व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन पिळलेल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, रात्रभर खायचा सोडा भुरभुरून ठेवायचा आणि शेवटी क्रीम चोळायचं. कुणाच्या गच्चीवर जॅकेट उन्हात टाकलेलं दिसलं, तर ते रस्त्यातूनच ओरडत, "अरे, पापड हाय काय तो?" सगळं झालं की काकूंना हाक जायची. काकू पदराला हात पुसत येत, वस्तू नाकाशी धरत आणि डोळे मिटत. निकाल एका शब्दाचा असे. "गेला" म्हटलं की वस्तू मालकाकडे. "हाय" म्हटलं की काका निमूटपणे पुन्हा ब्रश हातात घेत. आंबेनळी घाटात मोटारसायकल पळवणाऱ्या एका तरुणाचं जॅकेट हुंगून काकू त्याला म्हणाल्या होत्या, "बुरशी गेली. सिगरेट हाय. ती तुझ्या आईने काढायची रे."

गेल्या माघात काकू वारल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पावसाळा लागल्यावर लोक पुन्हा जॅकेट घेऊन आले आणि काका ती साफ करून माझ्या दारात आणू लागले. "भाऊ, जरा बघा." मी वास घेऊन म्हणायचो, "ठीक वाटतंय." काका वैतागायचे. "ठीक म्हंजे काय? हाय का नाय, तेवढं सांगा. ती असं कधी बोलली नाय."

श्रावणातल्या एका दुपारी ते काकूंची काळी पर्स घेऊन आले. मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतलेली ही पर्स काकू एसटीच्या प्रवासाला निघाल्या तरच बाहेर काढत. तिच्यावर हिरवट बुरशी चढली होती. जन्मभर लोकांचं प्लॅस्टिक फाडणाऱ्या या माणसाने, काकू गेल्यावर, पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड घट्ट बांधून कपाटात ठेवली होती.

"तिचा वास उडून जाईल, म्हणून बांधली," काका म्हणाले. "आता पुसली तर तो जाईल. नाय पुसली तर चामडं जाईल. आत तिचा वास हाय का, तेवढं बघा. असला तर हात लावत नाय."

मी पर्स उघडून हुंगली. पुन्हा हुंगली. बुरशीखेरीज काही नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

ते ओट्यावर बसले. म्हणाले, "कसा होता तिचा वास? मला आठवत नाय."

"लवंगेचा," मी म्हणालो. "काकू दारात आल्या की आधी लवंग यायची, मग काकू."

"दाढेत धरायची ती. दुखायची तिची दाढ." काका माझ्याकडे वळले. "पण बाहेर वास यायचा? एवढा?"

"रोज."

"मला कोणी सांगितलं नाय," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी पर्स पडवीत साफ करायला घेतली. वाळली, सोडा झाला, क्रीम झालं. मग ती माझ्याकडे आली तेव्हा तिला कसलाच वास नव्हता, आणि काकांच्या दुसऱ्या हातात वाण्याकडची कागदी पुडी होती. त्यांनी पुडीतल्या लवंगा पर्समध्ये ओतल्या, पर्स मिटली, थोडा वेळ हातात धरून बसले आणि उघडून माझ्यापुढे धरली.

"जास्त झाल्या का? तिचा एवढा होता?"

"थोड्या कमी करा."

त्यांनी काही लवंगा काढून पुडीत टाकल्या. मी पुन्हा वास घेतला आणि सांगितलं, अजून एक काढा. त्यांनी ती उचलली, पुडीत न टाकता तोंडात घातली आणि दाढेखाली धरली.

"नुसती तिखट लागते," ते म्हणाले, आणि पर्स पुन्हा माझ्या नाकाशी आणली. "आता?"

"आता काकू आल्या," मी म्हणालो.

काकांनी पर्स मिटली, मांडीवर ठेवली आणि तोंडातली लवंग संपेपर्यंत ते आमच्याच ओट्यावर बसून राहिले.