बुधवारचे दोन तास

कंडक्टरकाकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली ती बायकोसाठी. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. साठीही उलटली नव्हती, तोवर त्यांना घरातलं न्हाणीघर सापडेना. पुढे नवराही ओळखू येईना.

"तुम्ही कुणाकडे आलात?" त्या रोज विचारायच्या.

"तुमच्याकडेच. जरा पुढे सरका, जागा द्या," काका म्हणायचे. कधी त्या हसत, कधी हातातली वाटी भिरकावत.

चौथ्या वर्षी एकदा काकांनी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. मग ओट्यापाशी बसून हमसून हमसून रडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना काकूंजवळ बसवून ते मेडिकलमध्ये गेले.

"मोठ्या माणसांचे डायपर दरमहा कोण कोण नेतं?"

दुकानदार चमकला. "नावं नाही सांगता यायची, काका. निरोप पोचवीन फार तर."

"पोचव. वर्षभरात अशी बारा घरं जोडायची. आजाऱ्याचं करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून दोन तास सुट्टी. बास."

वाचनालयाने बुधवारी दुपारी मागची खोली दिली. नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी तेवढा वेळ घरोघर बसायला सहा मुली कबूल केल्या. इतक्या वर्षांत कुणी काकांना एवढ्या पटकन 'हो' म्हटलं नव्हतं.

पहिल्या बुधवारी चौघं आली. त्यांतली एक चाळिशीची ताई अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं एकटीने करायची. खुर्चीवर बसली आणि बसल्याबसल्या झोपली, ती दोन तासांनी उठली. "माफ करा हं, बोलायचं राहिलंच," ती म्हणाली. पुढचे तीन बुधवारही तिने झोपूनच काढले. काका दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हळू बोला म्हणून खुणावत.

वर्षभरात खरंच बारा घरं झाली, मुलीही तेवढ्या मिळाल्या. मग मॅडमची बदली झाली. नव्या मॅडम म्हणाल्या, "कुणाच्या घरी काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण?" मुली यायच्या थांबल्या. घरी बसायला कुणी नाही, तर खोलीत येणार कोण? महिनाभराने वाचनालयाने ती खोली परीक्षेच्या अभ्यासाला दिली. बाराची पाच, पाचाची दोन घरं झाली. काका तरी कॉलेजच्या पायऱ्या झिजवत राहिले. "उद्या या," एवढंच ऐकून परतत.

एकदा दुकानदाराने त्यांना हाक मारली. "काका, ती झोपणारी ताई... गेली. पंधरा दिवस अंगावर ताप काढत होती. डॉक्टरकडे जायला वेळ होत नाही म्हणायची."

काका तिच्या घरी गेले. तिचा बाहेरगावाहून आलेला भाऊ फोनवर वृद्धाश्रमाशी बोलत होता. आत म्हातारा दाराकडे डोळे लावून पडला होता. "पोरगी आली का?" त्याने विचारलं.

 काकांनी त्याची उशी नीट केली. दोन दिवसांनी म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात नेलं.

शेजारच्या वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. आता काकांना दुकानातही जाता येत नाही. दुकानदार पुडकी दारात ठेवून जातो. परवा त्याने सांगितलं, "आणखी दोन घरांतून बुधवारची विचारणा आहे, काका. काय सांगू?"

काकांनी पुडकी उचलून आत घेतली.

"सांग, बंद झालंय," ते म्हणाले, आणि आतून हाक आली म्हणून वळले.