संबंधितांनी नोंद घ्यावी

माझं डोकं शांत राहत नाही, ही तक्रार मी गेली काही वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले आहे. मी मुलुंडला, आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून भाषांतरं करते. मिक्सर, पंखे, गीझर यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, ती मराठीत आणायची. कुणी वाचत नाही, पण काम आहे. एका वाक्याला मी तीनदा फोन उचलते. शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि मध्येच कुणाच्या तरी पावभाजीचा व्हिडिओ. यावर उपाय म्हणून मी ध्यानाची तीन ॲप घेतली. तिन्ही दर तासाला टिंग करून मला शांत व्हायला सांगायची आणि मी चिडायचे.

त्याच दिवसांत वरून आवाज यायला लागला. रोज दुपारी चारला. टक, मग काहीतरी घासत ओढल्यासारखं, परत टक. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, असा अर्धा तास. दिवसभर छप्पन्न गोष्टी माझं लक्ष खात होत्या, पण राग सगळा मी त्या एका आवाजावर काढला. वर काका-काकू दोघंच राहतात, पंचाहत्तरीच्या आसपासचे, मूळचे मालवणकडचे. जिन्यात भेटले की हसायचं, गावाहून आले की त्यांनी खाज्याचा पुडा आणून द्यायचा, इतकी आमची ओळख. मला वाटलं, काकूंना आता फर्निचर सरकवायचा नाद लागलाय.

एक जिना चढून विचारता आलं असतं. मी बसल्या जागेवरून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "दुपारी चार वाजता वरून सतत आदळआपट ऐकू येते. घरून काम करणाऱ्यांचाही विचार व्हावा, ही नम्र विनंती." नाव कुणाचं घेतलं नाही, म्हणजे मी किती सभ्य. आमच्या डोक्यावर एकच घर आहे हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. सात-आठ जणांनी अंगठे दिले. सेक्रेटरींनी खाली लिहिलं, "संबंधितांनी नोंद घ्यावी."

संबंधितांनी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी चारला वर काहीच वाजलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी खूश. नवऱ्याला सांगितलं, नीट शब्दांत सांगितलं की लोक ऐकतात. फोन मी तेवढ्याच वेळा उचलत होते, पण ते कोण बघतंय.

श्रावणात आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली. वरून गळतंय म्हटलं की आमच्याकडे माणसाच्या अंगात बळ येतं. मी फोनमध्ये त्या डागाचा फोटो काढला आणि तावातावाने वर गेले. या वेळी मात्र जिना चढले.

काकूंनी दार उघडलं. "ये गो, बस," म्हणाल्या. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं. दारामागे चार पायांचा वॉकर उभा होता. त्याच्या चारही पायांना लहान बाळाचे लोकरीचे मोजे घालून वर सुतळीने घट्ट बांधले होते.

"काकांना काय झालं?" मी विचारलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "होळीच्या वेळी पॅरॅलिसिस नाय का झाला? ग्रुपवर टाकलेलं ना सेक्रेटरींनी." मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्या चहा टाकायला उठल्या.

चहा करता करता त्यांनी सगळं सांगितलं. आवाजात तक्रार अजिबात नव्हती, असती तर मला बरं वाटलं असतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रोज चारला घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं. "वीस फेऱ्यांपर्यंत आलेले. तुझा मेसेज वाचला नि बोलले, पोरगी कामात असते, बंद करू. मी म्हटलं थांबा, आणि हे मोजे घातले. तर लादीवर सरकायलाच लागला तो. एकदा पडता पडता वाचले. मग ठेवूनच दिला." साखर ढवळत त्या पुढे म्हणाल्या, "यंदा गणपतीक गावाक जाऊन आरतीक उभो रवतलंय म्हणत हुते. परवा तिकिटं रद्द केली. आता बाथरूमला जायचं तरी माझा खांदा लागतो."

मी निघाले तेव्हा काकांनी हात वर केला. एकेक शब्द गोळा करत त्यांनी विचारलं, "आता... येणा नाय ना... आवाज?"

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते. मी "नाही" म्हटलं आणि खाली आले. ओलीचा फोटो दाखवायचा राहिला.

घरी येऊन मी ग्रुपवरचे जुने मेसेज वर सरकवत गेले. होळीच्या आठवड्यात सेक्रेटरींचा मेसेज होता, काकांना झटका आला, हॉस्पिटलात आहेत. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत चौथे हात माझे. मी न वाचताच हात जोडले होते. सगळे जोडत होते म्हणून जोडले असतील, नाहीतर एकीकडे दुसरं काही बघत असेन. मला आठवतसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की नवऱ्यालाही तो मेसेज दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन म्हटलं, "काकू, माझं चुकलं. काकांना चालू द्या. कितीही आवाज होऊ दे." वॉकरचे मोजे मीच काढले. सुतळीच्या गाठी इतक्या पक्क्या होत्या की दाताने सोडवाव्या लागल्या. "चालतील गो, चालतील," काकू म्हणाल्या. पण चारला वर शांत. आठवडाभर शांत. गणपती आले आणि गेले, ती दोघं इथेच होती. मग एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आज तू नव्हतीस, तर वर चांगली टकटक चालली होती."

तेव्हापासून मी रोज पावणेचारला घर सोडते. कुलूप जरा वाजवूनच लावते आणि खाली पंपरूमजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसते. फोन घरी ठेवते. पहिले काही दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. आता जात नाही. टाकीत पाणी पडत असतं, कुणाची तरी सायकल येते-जाते, मी बसून असते. डोकं खरंच थोडं निवलंय. परवा बहीण म्हणाली, चेहरा बरा दिसतोय तुझा, काय करतेस? त्या माणसाचे तीन महिने फुकट घालवून मला हा अर्धा तास मिळालाय, हे तिला कसं सांगू?

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर बसल्यावर आठवलं की गॅसवर दूध तसंच आहे. धावत वर आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, टक. पूर्वीपेक्षा खूप सावकाश. मी शक्य तितक्या हळू किल्ली फिरवली, पण आमचं कुलूप खट्कन वाजतंच. वर टक झालं आणि पुढचा पाय ओढल्याचा आवाज आलाच नाही. वॉकर पुढे, पाय मागे, असे ते माझ्या डोक्यावर उभे होते. मी गॅस बंद केला, वर ऐकू जाईल असं दार आपटलं आणि चपला वाजवत जिना उतरले.