परत न आलेली हाक

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता बाबा! शिफ्टचा खरा भोंगा बिघडला तर ह्यालाच फाटकावर उभा करा, असं फोरमन म्हणायचा. आणि गंमत म्हणजे त्याचं कामही आवाजाचंच. तिथे घराएवढ्या पोलादी टाक्या बनत. शेवटचं झाकण लावण्याआधी भोंग्याने टाकीच्या तोंडात डोकं घालून हाक मारायची, "आत कोण राहिलंय काऽऽ?" हाक घुमून परत आली की मगच झाकण. तोवर बोल्टाला हात लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता.

मध्यंतरी कारखान्याला घरघर लागली. टाळं लागणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, तेवढ्यात समुद्रापलीकडच्या देशातून खतप्रकल्पासाठी अवाढव्य टाक्यांची मागणी आली. पण त्यांनी पैसे बुडवले तर? बँका हात वर करून मोकळ्या. शेवटी सरकार मध्ये पडलं. तिकडून नाही आले तर आम्ही भरू, म्हणालं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. भोंग्याच्या भाच्याला तर त्याच कामावर फिटर म्हणून घेतलं. आईविना पोर ते, मामा-मामीनेच लहानाचं मोठं केलेलं. मामी दिवसभर त्याचंच कौतुक सांगत फिरत होती.

सरकारची अट एकच, माल ठरल्या दिवशी निघाला पाहिजे. त्या दिवशी मंत्री आले. मांडव, खुर्च्या, हिरवा झेंडा, सगळा थाट. टाकी ट्रेलरवर चढवलेली, फक्त झाकण बाकी. भोंग्याने डोकं आत घातलं आणि हाक मारली.

हाक परत आली नाही.

विहिरीत दगड टाकावा आणि काहीच ऐकू येऊ नये, तसं झालं. त्याने पुन्हा बोंब ठोकली. आतून फक्त गार हवा तोंडावर आली. भाचा बोल्ट घेऊन शेजारीच उभा होता.

"मामा, लावू?"

"अहो भोंगोबा," खालून साहेब ओरडले, "सरकार खोळंबलंय तुमच्यासाठी!"

'थांबा, झाकण लावू नका,' हे शब्द भोंग्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण इतक्या घरांच्या चुली त्या झेंड्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्याने शब्द गिळले आणि मान डोलावली.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. "चला, माझ्या कानांना सुट्टी," बायको आधी हसली. मग महिने गेले आणि ती रडायला लागली.

भाचा टाकी बसवायला तिकडे गेला. रोज फोन करायचा. तो बोलायचा आणि मामा ऐकायचा.

एका दुपारी तो म्हणाला, "मामा, हसू नका हां. झाकण उघडून टाकीतलं काम उरकलं, सगळे बाहेर आले, तरी आतून कोणीतरी आपल्या भाषेत ओरडतंय. बाकीचे म्हणतात वारा आहे. पण मामा, आवाज तुमचा आहे. आत उतरलोय बघायला. ऐका."

भोंग्याने फोन कानाशी दाबला. त्याचाच आवाज होता.

"थांबा, झाकण लावू नका!"

"ऐकलंत? आणि आत कोणी म्हणजे कोणी नाही," भाचा हसत म्हणाला. मागे लोखंडावर लोखंड घासलं. "अरे ए! मी आहे आत!"

तिकडे हाक मारायची पद्धतच नव्हती. इथून टाकी गेली, बोल्ट गेले, सरकारची हमी गेली, शिरस्ता तेवढा कोणी पाठवला नव्हता. भाचा आतून धडाधड ठोकत होता. त्याच्यामागे भोंग्याचा आवाज जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण ती भाषा तिथे बाहेर कोणाला कळणार?

फोन तुटला.

"थांबाऽऽ!" भोंगा ओरडला. खिडकीची तावदानं थरथरली.

मामी स्वयंपाकघरातून पातेलं हातात घेऊनच धावत आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अगबाई! अहो, आला की हो तुमचा आवाज!"

भोंग्याने फोन अजून कानाशीच धरला होता.

"इकडे आला गं," तो म्हणाला. "आता तिकडे कोण ओरडणार?"