कोवलमच्या किनाऱ्यावर फुटलेली काच आणि गाडीतला निळा पाऊच

चेन्नईत येऊन चार वर्षं झाली तरी ईस्ट कोस्ट रोडने पुद्दुचेरीला जाणं राहूनच गेलं होतं. माझी बँक, माधवचा अंबत्तूरचा कारखाना, लेकीच्या परीक्षा. यंदा ईशाची बारावी. "तुम्ही दोघं जा, मला शांतपणे अभ्यास करू द्या," असं तिनेच सुनावलं आणि एका रविवारी सकाळी सहाला आम्ही नुंगंबाक्कमच्या घरातून निघालो. कोवलमला नाश्ता, महाबलीपुरमची देवळं, मुक्काम पुद्दुचेरीत, सोमवारी दुपारपर्यंत परत असा बेत होता.

जाणाऱ्यांसाठी सांगते, रविवारी सातच्या आत शहर सोडा. त्यानंतर किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, आणि पाणी घरूनच घ्या. आम्ही सव्वासातला कोवलमला पोचलो. हे केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की दोन्हीकडे जाळी वाळत घातलेली, आणि वासावरूनच समुद्र कुठे आहे ते कळतं. नारळाच्या झाडांखाली आधीच सात-आठ गाड्या उभ्या होत्या. आम्हीही तिथेच लावली.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. वाळूवर वंजरम, म्हणजे आपली सुरमई, ढिगाने पडलेली, आणि बायका कमरेला पदर खोचून भाव करत होत्या. एकीने मला विचारलं, "वेणुमा?" हवी का? मी म्हटलं, पुढे जायचंय, परतीच्या वेळी घेईन. ती हसून म्हणाली, परतीच्या वेळी मासा वाट पाहत नाही. पलीकडे काही तरुण फळ्या घेऊन लाटांवर उभं राहायला शिकत होते. टपरीवर केळीच्या पानावर गरम पोंगल आणि वडे खाल्ले, दोनदा कॉफी घेतली. साडेनऊला गाडीकडे परतलो तेव्हा आम्ही दोघंही इतके खुशीत होतो की जमिनीवरचा काचेचा चुरा मला आधी मीठच वाटला.

मागच्या दाराची छोटी तिकोनी काच फुटली होती. माझी बॅग मागच्या सीटवर तशीच. कॅमेरा तसाच. माधवने डिकी उघडून पाहिली, सामान जागेवर.

"नशीब," तो म्हणाला. "काच काय, बसवता येईल."

मग मी पुढचा कप्पा उघडला. निळा पाऊच नव्हता.

तुमच्याही गाडीत असा पाऊच असेल. आमच्यात आधी फक्त आरसी, विमा आणि पीयूसी होतं. मग आधारच्या प्रती आल्या, कारण हॉटेलवाले मागतात. शुक्रवारी ईशाच्या पासपोर्टच्या नूतनीकरणाचं काम करून आलो, तेव्हा तिघांचे पासपोर्ट आणि तिचा जन्मदाखला त्यातच टाकला. वर न्यायचा कंटाळा केला. "गाडीत असलेलं बरं, कधी काय लागेल सांगता येत नाही," हे माधवचं नेहमीचं वाक्य.

जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या महिला उपनिरीक्षक तमिळ आणि इंग्रजी मिसळून शांतपणे प्रश्न विचारत होत्या आणि माधव एकेक कागद सांगत होता. शेवटी तो म्हणाला, "आणि एक किल्ली. घराची जादा किल्ली, आमच्यातल्या कुणाची हरवली तर असावी म्हणून."

त्यांचं पेन थांबलं. "वीट्टु सावियुमा?" घराची किल्लीसुद्धा? मग त्यांनी सावकाश विचारलं, "आरसीवर पत्ता आहे. किल्ली त्याच पाऊचमध्ये. घरी कोण आहे?"

दोन तास मी वडे खात होते. दोन तासांत कुणीही मोटारसायकलने आमच्या दारात पोचला असता.

ईशाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. अभ्यास करताना ती कानात गाणी लावते, फोन पालथा ठेवते, हे मला माहीत होतं. तरी तिसऱ्यांदा रिंग वाजत राहिली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होते. माधवने समोरच्या घरातल्या पद्मामामींना फोन लावून स्पीकर सुरू केला. मामी सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचं मराठी घराणं तंजावूरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांची जुनी मराठी ऐकून आम्हाला नेहमी हसू येतं.

"मामी, ईशा..."

"घाबरूं नको. ईशा अमच्याकडेंच आहे. अस्के बरें आहे."

सगळं बरं आहे! मग मामींनी सांगितलं ते ऐकून उपनिरीक्षकबाईंनी माधवकडून एकेक वाक्य समजून घेतलं आणि लिहून घेतलं.

मामी दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढायला आल्या, तेव्हा आमच्या दाराशी एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. लॅचमध्ये किल्ली फिरवून दार ढकलत होता, पण आतून कडी होती. मामींना पाहून तो इंग्रजीत म्हणाला, मी माधव सरांचा भाऊ, पुण्याहून आलो, त्यांनीच किल्ली दिली.

"मी त्यास मराठींत पुसलें, तुमची आई कशी आहे? तो हांसला. पुन्हा पुसलें, जेवून आलांत कां? तो म्हणतो, येस, येस. माधवचा भाऊ, आणि मराठी कळत नाहीं?"

मामी मग तमिळमध्ये "तिरुडन! तिरुडन!" म्हणजे चोर, चोर असं ओरडल्या. वरच्या मजल्यावरचे लोक धावत येईपर्यंत तो जिना उतरून पळाला. किल्ली कुलपातच राहिली.

पुद्दुचेरी रद्द झालं. परतताना फुटलेल्या काचेतून वारा घोंघावत होता. त्याच दुपारी कुलूप बदललं. चौथ्या दिवशी ठाण्यातून फोन आला. पाऊच रस्त्याकडेच्या झुडपात एका मासळीवालीला सापडला होता आणि तिने तो आणून दिला होता. पासपोर्ट आणि जन्मदाखला ओलसर, पण शाबूत. आरसी नव्हती, तिच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला आहे. माणूस अजून सापडलेला नाही. इमारतीच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा अर्धाच दिसतो, आणि तो अर्धा चेहरा अगदी सभ्य आहे.

आता गाडीची कागदपत्रं फोनमधल्या सरकारी डिजिटल लॉकरमध्ये आहेत, वाहतूक पोलीस ती चालवून घेतात. मूळ प्रती घरातल्या कपाटात. गाडीत घराची किल्ली नाही, पत्ता लिहिलेला कागदही नाही. तुम्हीही ही ओळ वाचून झाली की खाली जाऊन एकदा तो कप्पा उघडून बघा.

कोवलमला मात्र जरूर जा. पोंगल खरंच छान आहे. मी अजून परत गेले नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ईशा दिवसभर धीट होती. मामींची नक्कलही करून झाली होती. ताटातला भात चिवडत ती अचानक म्हणाली, "आई, मला किल्ली फिरल्याचा आवाज आला होता. मला वाटलं तुम्हीच काहीतरी विसरलात म्हणून परत आलात. मी उठून दाराशी गेले होते."

"मग?"

"कडीला हात लावला होता. तेवढ्यात बाहेरून मामींचा आवाज आला. तुमची आई कशी आहे, असं कुणाला तरी विचारत होत्या. मला वाटलं, बाबांना असं का विचारतील त्या?"

माधव ताटावरून उठला, दाराशी गेला आणि लावलेली कडी पुन्हा एकदा लावून आला.