वाळू बंद

महिन्यापूर्वी सापगावहून फोन आला, "बाळाराम गेला." मी विचारलं, "कुठे?" पलीकडे त्याचा मेहुणा होता. त्याने तेच पुन्हा सांगितलं... मला कळायला वेळ लागला. खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही.

शहापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मुरबाडला एका कारखान्याच्या रंगखात्यात लागलो आणि तो घरामागच्या पडवीत वेल्डिंग करू लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्याला सहज सांगितलं, आमच्याकडे गंज घासत नाहीत, हवेच्या जोरावर वाळू मारतात. झालं! त्याने जुना कॉम्प्रेसर आणला, टाकीत नदीची वाळू भरली. पहिल्याच दिवशी वाळू दमट निघाली, नळी तुंबली. मग वाळू चाळून ताडपत्रीवर वाळवणं आलं, हवेतलं पाणी अडवायला मध्ये डबी बसवणं आलं. नोझलचं भोक झिजून मोठं झालं की हवेचा जोर मरतो, हे तर त्यानेच मला शिकवलं. शेजारच्या काकींच्या पितळी समईला वाळू मारली तर ओरखडे उठतील, म्हणून त्याने भाताचा तूस मारून पाहिला. समई अशी उजळली की काकी म्हणाल्या, "बदलून तर नाय ना दिलीस रे?"

काम करताना तो तोंडाला ओला रुमाल बांधायचा. आमच्या कारखान्यात हेच काम करणाऱ्याच्या डोक्यावर मोठा टोप असे, आत स्वच्छ हवा सोडलेली. मी तो रोज पाहत होतो. बाळारामला त्याबद्दल सांगितलं होतं का? सांगितलं असणार... कधी वाटतं, मी सांगितलं आणि तो हसला. कधी वाटतं, ते हसणं मीच नंतर जोडलंय.

दहाएक वर्षांनी त्याचा खोकला सुरू झाला. टीबी म्हणून औषधं झाली, फरक पडेना. शेवटी मी त्याला ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय. दगडखाणीत होता का?" बाळारामने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाय. आमी शेतकरी." तो असं का म्हणाला? आणि मी का गप्प बसलो?

बाराव्याला त्याच्या बायकोने, कमलवहिनींनी, पडवी उघडून दाखवली. दाराआडच्या भिंतीवर त्याने खडूने लिहिलं होतं : पितळ – तूस. अ‍ॅल्युमिनियम – काचेचे मणी. लोखंड – पोलादी दाणे. आणि खाली, मोठ्या अक्षरांत, वाळू बंद.

"हे कधीचं, वहिनी?"

"लय झालं. तुमचं गेट केलं ना, त्याच्या आदल्या साली."

माझ्या नव्या घराचं गेट मीच टेम्पोत घालून आणलं होतं, सोबत वाळूच्या दोन गोणी. दुपारभर खपून त्याने ते लख्ख करून दिलं होतं.

"मग माझ्या गेटला वाळू कशाला मारली त्याने?"

"मी बोलले, दुसरं काय तरी मारा. तर बोलले, त्याने एवढ्या हौसेने गोणी आणल्यात, परत कशा पाठवू..."

मी भिंतीकडे हात नेला. वहिनी पटकन म्हणाल्या, "हात नका लावू भाऊजी, पुसंल ते."