थळे मॅडमच्या वाट्याचं पान

थळे मॅडम गेल्या, आणि त्यांच्या दारात उभा राहून मी आजचा पेपर शोधत होतो.

वाईट दिसतं, मला माहीत आहे. म्हणून नीट सांगतो.

आज सोमवार. सकाळी साडेदहाला मी ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होतो. तोपर्यंत मॅडमचा मिस्ड कॉल यायला हवा होता. रोज दहाच्या आत यायचा.

मिस्ड कॉल म्हणजे पेपरात आपल्या कामाचं काही नाही. रिंग वाजतच राहिली तर उचलायचा. म्हणजे काहीतरी आलंय.

आज काहीच वाजलं नाही.

मी रेंज बघितली. फोन बंद करून परत चालू केला.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला. पहाटे, झोपेतच. चार वाजता अंत्ययात्रा. खाली जोडलेल्या हातांची रांग.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अलिबागच्या आमच्या सरकारी ऑफिसात त्या सीनियर क्लार्क होत्या. गेल्या वर्षी रिटायर झाल्या. मी तिथे कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. शिक्षण बारावी अर्धवट.

मी लागलो तेव्हा ऑफिसात एकच पेपर यायचा. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आला की त्याची पानं सुटी व्हायची. खेळाचं पान ड्रायव्हर पाटीलकाकांचं. राशिभविष्य आवक-जावकच्या टेबलावर. पुरवणी डब्याखाली.

जाहीर नोटिसा आणि निधनवार्तांचं पान कुणालाच नको असायचं. ते मॅडमकडे जायचं.

"उरलंसुरलं माझ्या नशिबी," म्हणायच्या, आणि चहा संपेपर्यंत तेच वाचत बसायच्या.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आला. पाटीलकाका जेवताना मॅच बघायला लागले. पेपर दुपारपर्यंत घडी न मोडता पडून राहायचा. साहेब म्हणाले, बंद करा. मॅडम येताना स्टँडवरून स्वतःचा पेपर आणायला लागल्या.

एका दुपारी आम्ही सगळे आपापल्या फोनमध्ये होतो. मॅडमनी टेबलावरूनच विचारलं,

"सुयोग, तुझं आजोळ किहीमचं ना रे?"

"हो."

"आजोबांचं नाव?"

सांगितलं.

"मग इकडे ये. आधी बस."

त्यांच्या पानावर नोटीस होती. आजोबांची किहीमची नारळाची वाडी विकायला निघाली होती. मालक म्हणून दोन्ही मामांची नावं. माझ्या आईचं नाव नाही. कुणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत लेखी कळवा, नाहीतर कुणाचाच नाही असं धरू.

मी म्हटलं, "मॅडम, मी रोज बातम्या बघतो. मला तर काही आलं नाही."

"त्या फोनला तुझी आई ठाऊक हाय का?"

पाटीलकाका म्हणाले, "त्याला केसगळतीच्या जाहिराती येतात, मॅडम. फोनला तेवढंच ठाऊक हाय."

घरी आई हरकत घ्यायला तयार नव्हती. "भाऊबीजेला माझ्या दारात कोण येईल मग?"

रविवारी मॅडम स्वतः घरी आल्या. आईच्या शेजारी बसून वाटाणे सोलत म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव गाळताना त्यांना भाऊबीज आठवली का?"

आईने हातातली शेंग सोलून संपवली. मग हरकतीच्या अर्जावर सही केली.

व्यवहार थांबला. त्या दिवाळीला मामा आले नाहीत. आईने ओवाळणीचं ताट मात्र केलं होतं.

थांबला म्हणजे मिटला नाही. दुसरं गिऱ्हाईक, दुसरा वकील, दुसरा पेपर. नोटीस कधीही निघू शकते. आमचं लक्ष नसेल तर चौदा दिवस असेच निघून जातील, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या.

रिटायर झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "घरी मला काय काम? मी बघत जाईन. तू तुझ्या जाहिराती बघ."

घरी एक पेपर यायचा. बाकीचे वाचनालयात जाऊन बघायच्या. मग मिस्ड कॉल.

म्हणून आज चपलांच्या ढिगाऱ्यात मी पेपर शोधत होतो. त्यांचा मुलगा बाहेर आला.

"काय शोधतोस?"

"पेपर, दादा. आजचा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता बोलणार.

"किहीमवाला तूच का?"

मी मान हलवली. तो आत गेला आणि पेपर घेऊन आला.

"घेऊन जा. उद्यापासून बंद करायला सांगितलाय. एकटी तीच वाचायची."

कंपाउंडच्या भिंतीला टेकून मी आतलं पान दोनदा वाचलं. मुरुडची एक नोटीस होती. किहीमची नव्हती. हायसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच कसंतरी झालं. आत अजून रडणं चालू होतं.

स्मशानातून परतताना पाटीलकाका म्हणाले, "नोटिशीची लिंक असते का रे? मला पाठव, मी पण बघेन."

मनापासून म्हणाले.

"लिंक नसते, काका. पान उघडावं लागतं."

ते थोडं चालले. मग म्हणाले, "आमच्याकडे पेपर बंद करून जमाना झाला."

घरी आलो. आई दारातच उभी होती. मॅडमबद्दल विचारलं. मग हळूच म्हणाली, "आता कोण बघणार?"

एक पेपर मी उद्यापासून लावलाय. पण नोटीस कुठल्या पेपरात येईल ते माझ्या हातात नाही. नोकरी सांभाळून रोज वाचनालयात जाणं जमेल असं वाटत नाही.

म्हणून इथे लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कुणाच्या ऑफिसात अजून पेपर येत असेल तर आतलं पान एकदा बघत जा. किहीम दिसलं तर फोटो काढून पाठवा, कितीही वाजता. तुमच्या गावाचं नाव खाली लिहून ठेवा. माझ्या पेपरात मी ते बघेन. हे नक्की करेन.

थळे मॅडम, आमच्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार. आईनेही सांगितला आहे.